दुसऱ्यांचे उपास

चांगला भिजलेला साबुदाणा कढईत परतला की आरपार दिसू लागतो. भिजायचा राहिला असेल तर दाण्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरतो, टाचणीच्या डोक्याएवढा, आणि तो दाताखाली कचकचतो. हौसाबाई तो ठिपका कढईपर्यंत येऊच देत नसे. सकाळी भांड्यावरचं झाकण काढायचं, एक दाणा अंगठा आणि बोटात दाबायचा, खरखर लागली नाही की मगच गॅस पेटवायचा. तिच्या हातचा साबुदाणा कधी कच्चा राहिला नाही, कारण तो भिजला नाही असा आठवडाही तिच्या घरात कधी गेला नाही.

वाशीम शहराला लागूनच त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, पालक, गवार, कडेकडेने सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, वाफे. पहाटे तोडलेली भाजी घेऊन हौसाबाई बाजारात बसायची आणि दुपारी परत येऊन निंदायला लागायची. साठी उलटली होती, गुडघे बोलू लागले होते, पण पाल्याची जुडी बांधावी तर तिनेच, असं गिऱ्हाइकं म्हणत.

घरात उपास पुष्कळ होते. सोमवार मुलाचा, स्वप्निलचा. बारावीच्या वर्षी सोळा सोमवार त्यानेच बोलले आणि तिसऱ्याच सोमवारी तो बसस्टँडजवळ पोह्यांच्या गाडीवर दिसला. बोललेला उपास अर्धवट राहू नये म्हणून तो आईने उचलला. गुरुवार सासूचा. सासू गेली, वार राहिला. शनिवार नवऱ्याचा. जगदेवच्या साडेसातीसाठी कुणीतरी शनिवार सांगितले होते, पण रिकाम्या पोटी जगदेवला पित्त होई. चतुर्थी नणंदेने लावून दिली होती, सुनेची कूस उजवावी म्हणून. त्यानंतर झालेली नात, अंजू, आता चौथीत जात होती. एकादशी तर काय, असतेच. उपास बोलायला त्या घरात तोंडं पुष्कळ होती. करायला पोट एकच होतं.

तसा प्रत्येक उपासाला शेवट असतो. उद्यापन करायचं, पूजा मांडायची, चार माणसं जेवू घालायची आणि देवाला हात जोडून सांगायचं की बाबा, झालं. स्वप्निल खतांच्या दुकानात कामाला लागला तेव्हा हौसाबाईच्या मनात आलं होतं, आता सोमवारचं उद्यापन करू. मग त्याचं लग्न निघालं. लग्नानंतर करू म्हटलं, तर अंजूची वाट पाहणं सुरू झालं. मधे एकदा अंगात ताप असताना तिने सोमवार चुकवला आणि त्याच आठवड्यात स्वप्निल इंझोरीच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून हात मोडून घेऊन आला. उपास मोडला म्हणून पोरगा पडला, असं घरात ठरलं. रस्त्यातल्या त्या हातभर खड्ड्याचं नाव कुणी काढलं नाही. तेव्हापासून उद्यापनाचा शब्द हौसाबाईच्या जिभेपर्यंत येई आणि तिथेच बसून राही.

उपासाच्या दिवशी ती साबुदाण्याची उसळ खाई, नाहीतर उकडलेला आलू, आणि चहा. बाजारात बायकांना जायला धड जागा नाही म्हणून पाणी बेतानेच. उपास नसेल त्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते. बहुतेक भात आणि डाळीचं वरचं पाणी. भाजी अर्थातच संपलेली असे. ज्या बाईच्या हाताखालून रोज पाटीभर हिरवा पाला जाई, तिच्या ताटात त्यातली काडी येत नसे, आणि यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटत नव्हतं. तिलाही नाही. गुडघे फार धरले की ती मेडिकलवाल्याकडून दुखण्याची गोळी आणून चहाबरोबर घेई. उपासाला गोळी चालते, असं दुर्गाबाई, तिची नणंद, सांगून गेली होती.

पावसाळा सरता सरता एका सकाळी बाजारात वांगी तोलताना हौसाबाईच्या पोटात काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. ती घाईने बाजारामागच्या मोडक्या संडासात गेली. रक्त पाहून तिने पाणी ओतलं, पदर नीट केला आणि परत येऊन तागडी धरली. घरी सांगितलं तेव्हा जगदेव बिडी शिलगावत होता.

“गरम पडलं असन,” तो म्हणाला. “ताक पे.”

दुसऱ्या दिवशी ती मोरीत चक्कर येऊन पडली. सून निताने तिला पाहिलं, फरशी पाहिली आणि सासऱ्याला काही न विचारता रिक्षा बोलावली.

दवाखान्यात सलाईन लागलं, रक्ताची बाटली चढली. रक्त आपोआप थांबलं. मग अकोल्याला नेऊन दुर्बिणीने आतडं तपासून आणलं. तो रिपोर्ट समोर ठेवून डॉक्टर सुचिता यांनी तिघांनाही बसायला सांगितलं. खुर्च्या दोनच होत्या. एका खुर्चीवर जगदेव बसला, दुसऱ्या खुर्चीवर निताने सासूला बसवलं.

“कॅन्सर नाही,” डॉक्टर आधी तेच म्हणाल्या. “मोठ्या आतड्याला जागोजागी लहान फुगे आले आहेत. याला डायव्हर्टिक्युलोसिस म्हणतात. तुमच्या मळ्यात ठिबक आहे ना? जुन्या नळीला कसे कच्च्या जागी फुगे येतात? तसंच. रक्तवाहिनी आतड्याच्या भिंतीतून जिथे आत शिरते तिथे भिंत जरा कमजोर असते. वय झालं की तिथे आतलं अस्तर बाहेर फुगतं.”

“म्हंजे नळी फुटली?” जगदेवने विचारलं.

“फुटली नाही. फुगा आहे, भोक नाही. एका फुग्याजवळची रक्तवाहिनी फुटली, तिथून रक्त गेलं. ते थांबलं.”

“हे आमच्याच घरी काहून आलं बापा?”

“तुमच्याच घरी नाही आलं. परदेशात साठीच्या पुढे निम्म्याहून जास्त माणसांच्या आतड्यात हे असतं. आपल्याकडे एवढं नाही. मोठ्या वयाच्या लोकांची दुर्बिणीने तपासणी केली तर दहातल्या एखाद्याला सापडतं, आणि तपासण्या वाढल्या तसं जास्त दिसू लागलं आहे. बहुतेकांना जन्मभर कळतही नाही. दुसऱ्याच कशासाठी तपासायला जातात आणि हे दिसतं.”

हौसाबाईला बरं वाटलं. एवढ्या लोकांना असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

“कशानं होते?” निताने विचारलं.

“पहिलं म्हणजे वय. त्याला इलाज नाही. घराण्यातही असतं काहींच्या. मग वजन वाढणं, बसून राहणं, बिडी-सिगारेट...”

निताने एकदा सासऱ्याच्या पोटाकडे आणि एकदा त्याच्या खिशातल्या बंडलाकडे पाहिलं. जगदेवने खिशावर हात ठेवला.

“ते तर समदं माह्यं हाय,” तो म्हणाला. “मंग हे हिले कसं झालं?”

“तुमचं आतडं अजून कुणी पाहिलेलं नाही,” डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. “ह्यांचं सांगते. ह्या गुडघ्यासाठी ज्या गोळ्या घेतात, त्या गोळ्यांनी अशा फुग्यांतून रक्त जायचा धोका वाढतो. त्या आजपासून बंद. दुसरं, जेवण. हौसाबाई, काल-परवा दवाखान्यात होतात, ते सोडा. त्याच्या आधी रोज काय खात होतात?”

“भाजीपाल्याचाच मळा हाय ना आमचा,” जगदेवने उत्तर दिलं. “घरचं ताजं. खायाले काय कमी?”

“मी त्यांना विचारलं.”

आजवर हौसाबाईला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. जेवली का, असं विचारलं होतं. उत्तराची वाट कुणी पाहिली नव्हती.

“पडली त्याच्या आदल्या दिवशी चतुर्थी होती,” ती म्हणाली. “साबुदाणा खाल्ला रात्री. त्याच्या आधी सोमवार. साबुदाणा.”

“आणि त्याच्या आधी?”

“रविवारी भात. शनिवार तर उपासच असते.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मग तुम्ही जेवता कधी?”

हौसाबाईने उत्तर शोधलं आणि ते न सापडल्यामुळे ती हसली. हसताना तिच्या छातीत काहीतरी तापलं. तिला वाटलं औषधाचं असेल.

“साबुदाण्यात नुसतं पीठ असतं,” डॉक्टर म्हणाल्या. “चोथा नसतो. चोथा कमी पडल्यानेच हे फुगे येतात का, यावर अजून जाणत्यांत वाद आहे. ते मी छातीठोक सांगणार नाही. पण आलेल्या फुग्यांना सूज येऊ नये, पुन्हा दवाखान्याची पायरी चढू नये, यासाठी चोथा चांगला, हे बरंच पक्कं आहे. भाकर, डाळ, पालेभाजी, वांगं, पेरू. भरपूर पाणी. पोट रिकामं ठेवायचं नाही.”

“वांग्याच्या बिया?” निताने विचारलं. “फुग्यात अडकत नाहीत?”

“पूर्वी डॉक्टरही तसंच सांगायचे. पुढे हजारो माणसांचं खाणं वर्षानुवर्षं लिहून पाहिलं, तर बिया-दाणे खाणाऱ्यांना काही जास्त त्रास झाला नाही. खुशाल खा. पण पुन्हा रक्त दिसलं तर ताक पीत बसू नका, लगेच या. एकदा गेलं ते पुन्हा जाऊ शकतं, आणि दरवेळी आपोआप थांबेलच असं नाही.”

जगदेवने मान हलवली. ताकाचं डॉक्टरीणबाईला कुणी सांगितलं, हे तो निताच्या तोंडाकडे पाहून शोधत होता.

दवाखान्यातून घरापर्यंत येईतो फुग्यांची भोकं झाली. शेजारी विचारायला आले तेव्हा जगदेव सांगत होता, “आतडीले चाळणीवाणी छिद्रं पडले. बिया अटकते त्याच्यात.” निता आतून म्हणाली, “बाबा, तसं नाही म्हणाल्या त्या,” तर तो म्हणाला, “तुले काय समजते, मी होतो ना तिथं,” जणू ती घरीच होती.

सोमवारी दुर्गाबाई कामरगावहून जीपने आली. ती जगदेवची मोठी बहीण. तिचा शब्द या घरात तिच्या आईनंतर चालत आला होता. येताना तिने पिशवीभर साबुदाणा आणला होता, आजाऱ्याला हलका म्हणून.

“काय व हौसे,” ती खाटेवर बसत म्हणाली, “आतडी फाडून घेतली म्हंते.”

“फाटली नाई ताई. फुगे हाय.”

“वांगे खाऊन खाऊन झालं असन. मळ्यात वांगे तोडू तोडू तोंडात घालत असशीन.”

“आत्याबाई,” निता म्हणाली, “आईनं वांगं खाल्लेलं मी दिवाळीपासून पाहिलं नाही. आणि बियांचं काही नाही म्हणून डॉक्टरनं सांगितलं.”

“डाक्टरीण तं तुह्याच वयाची असन. तिले पोटातलं काय समजते? आमच्या तिकडं एक जन भेदराच्या बिया खाऊन मेला.”

“टमाट्यानं नाही, तो ट्रकखाली आला होता, आत्या,” स्वप्निल मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला.

“पन आधी भेदरं खाल्ले होते ना.”

सगळे हसले. जगदेवही हसला. हौसाबाईच्या छातीतलं ते तापलेलं मात्र हललं नाही. ती खाटेच्या कडेला बसून सांबाराच्या जुड्या बांधत होती. दवाखान्यातून आल्यापासून तिने हात रिकामा ठेवला नव्हता. तो सोमवारच होता. सकाळी तिने, सवयीने, साबुदाणाच खाल्ला होता.

मग ठरलं. वांगं बंद, भेदरं बंद, पेरू बंद, भेंडी बंद, गवार नको, मिरचीची बी नको. बसल्या बसल्या त्या सगळ्यांनी तिच्या मळ्यातला एकेक वाफा तिच्या ताटातून उचलला. डॉक्टरांनी जे खुशाल खा म्हटलं ते गेलं, आणि ज्यात नुसतं पीठ म्हटलं तो साबुदाणा उरला. बिडीबद्दल कुणी काही बोललं नाही. बसून राहण्याबद्दल तर सगळे बसूनच होते. दुखण्याच्या गोळ्या तेवढ्या निताने पुडीसकट चुलीत टाकल्या होत्या, कुणाला न विचारता.

“अन् मी काय केलं,” जगदेव पुढे म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा ओला झाला. “हिले रक्त लावलं होतं ना, तवा दवाखान्याच्या बाहेर मारोती हाय लहानसा. त्याच्यापुढं उभा राह्यलो. म्हटलं, देवा, ही घरी आली पाह्यजे. एकवीस शनिवार करीन म्हणनार होतो. मंग याद आलं, शनिवार तं चालूच हाय आपला. म्हून मंगळवार बोललो. एकवीस मंगळवार.”

“साजरं, बेस काम केलं बापू,” दुर्गाबाई म्हणाली.

“तुमी करसान?” हौसाबाईने विचारलं.

जगदेवला प्रश्न समजला नाही. “काय?”

“मंगळवार.”

“माह्यं पित्त...” तो म्हणाला. “अव, तुह्यासाठीच तं बोललो. तुह्या जिवासाठी बोललो, तं तूच करशीन ना.”

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्याचे डोळे खरंच भरले होते. तो मारुतीपुढे खरंच रडला असणार. हौसाबाईला वाटलं, याने लबाडी केली असती तर बरं झालं असतं, लबाडीला उत्तर देता येतं. आपली बायको मरू नये म्हणून या माणसाने तिचंच जेवण देवाला देऊन टाकलं होतं आणि त्याला हे प्रेम वाटत होतं. हातातली जुडी तिने इतकी घट्ट आवळली की सांबाराचे देठ मोडले. मोडलेली जुडी विकली जात नाही. तिने ती बाजूला ठेवली.

“उद्या मंगळवारच हाय,” दुर्गाबाई म्हणाली. “पह्यला. मी आपल्या हातानं करून खाऊ घालते तिले.”

मंगळवारी सकाळी हौसाबाई मळ्यात गेली. कुणी अडवलं, तर ती म्हणाली, पाय मोकळे करून येते. दव होतं. तिने दहा-बारा वांगी तोडली, काटेरी देठाची, जांभळी, तिच्या आईच्या गावाकडून आणलेल्या बियांची. ती घेऊन निताजवळ दिली. “आज भरून कर,” एवढंच म्हणाली. निताने काय समजायचं ते समजून शेंगदाणे भाजायला घेतले.

जेवायच्या वेळी सगळे स्वयंपाकघरात ओळीने बसले. स्वप्निलला दुकानात जायचं होतं, अंजूला शाळेत. भरल्या वांग्याचा वास घरभर झाला होता. जगदेवने पहिलं वांगं भाकरीवर घेतलं आणि बोटाने दाबून त्याचा रस काढला. दुर्गाबाईनेही दोन घेतली.

हौसाबाईच्या पुढे दुर्गाबाईने ताटली ठेवली. साबुदाण्याची उसळ, वर जिऱ्याची फोडणी. हौसाबाईने एक दाणा उचलला आणि खिडकीकडे धरला. मधोमध पांढरा ठिपका होता. तिने दुसरा उचलला. त्यातही होता. घाईत भिजवलेला होता.

“खा ना व,” दुर्गाबाई म्हणाली. “पह्यला मंगळवार हाय.”

“कच्चा हाय ताई.”

“थोडा असन. देवाचं समजून खाय.”

“आजी, तुला वांगं नाही?” अंजूने विचारलं.

“आजीच्या पोटाले चालत नाई,” जगदेव म्हणाला.

“चालते,” हौसाबाई म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. तरी स्वप्निलने मोबाईल पालथा ठेवला.

“डाक्टरनं मले इचारलं, तू जेवते कवा,” ती म्हणाली. “मले सांगता नाई आलं. सारी जिंदगी भाजी पिकवली मी, अन् मले सांगता नाई आलं. बिया खाल्ल्या म्हून नाई झालं मले हे. वय झालं, थे देवाच्या हातचं हाय. बाकी तुमच्या हातचं हाय.”

“आता देवाचं घेऊन नोको बसू,” जगदेव म्हणाला. त्याचा हात घासासकट थांबला होता. “उपास मोडला तं काय होते, तुले मालूम हाय.”

“मालूम हाय. स्वप्निल खड्ड्यात पडते.” तिने मुलाकडे पाहिलं. “पडला तू खड्ड्यानं का माह्या तापानं?”

स्वप्निलने मान खाली घातली. “खड्ड्यानं, आई,” तो हळूच म्हणाला. हे तो त्याच वेळी म्हणू शकला असता.

“हौसे, काही बोलू नोको,” दुर्गाबाई म्हणाली. “वाराचा दिवस हाय.”

“माह्यं देवासंगं काई भांडन नाई ताई. मी कवाच त्याले उपाशी नाई ठेवलं. त्यानं मले ठेवा म्हून सांगतलं, असंही कोनी मले दाखवलं नाई.” तिने साबुदाण्याची ताटली उचलली आणि जगदेवच्या पुढे, त्याच्या वांग्याच्या शेजारी ठेवली. “मंगळवार तुमी बोलले. हे घ्या. शनिवारही तुमचाच हाय. सोमवार स्वप्निलचा हाय, त्याले पाह्यजे तं त्यानं करावा. चतुर्थी ताईची. गुरुवार सासूबाईचा होता, त्याईले मी माह्या तोंडानं सांगीन, जवा भेटन तवा.”

मग ती भिंतीला टेकून बसली, पदर कमरेला खोचला, आणि इतकी वर्षं जिभेवर बसून राहिलेला शब्द तिने सगळ्यांच्या देखत उच्चारला.

“समद्याचं उद्यापन आज करून राह्यली मी. निता, मले भाकर वाढ. दोन वांगे दे, देठासकट.”